अश्वशक्तीचा बाजार

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकांठीं सारंगखेडें येथें घोड्यांचा मोठा बाजार भरतो. एकमुखी दत्ताच्या यात्रेनिमित्त भरणाऱ्या या बाजाराची कीर्ति खानदेशाबाहेरहि दूरवर पसरलेली आहे. परप्रांतांतून उमदीं जनावरें येतात आणि त्यांतल्या कांहींची किंमत लाखांच्या घरांत जाते. या बाजारांत गिऱ्हाइकांचे प्रश्न ऐकण्यासारखे असतात. घोडा किती ओझें वाहील, दिवसाला किती कोस चालेल, याची विचारपूस सहसा होत नाहीं. चाल कशी आहे, रंग कोणता, पंचकल्याणी आहे कीं नाहीं, देवमण कोठें आहे, मान कशी धरतो, हेंच पाहिलें जातें. बैलबाजाराची रीत याच्या अगदीं उलट. तेथें शेतकरी बैलाचे दांत मोजतो, खूर पाहतो, वशिंडावरून हात फिरवितो आणि मनांतल्या मनांत नांगराचा व मोटेचा हिशेब करतो. बैल घेणारा काम विकत घेत असतो. घोडा घेणारा बहुधा मान विकत घेत असतो.

हा भेद मनांत ठेवून अमेरिकेंतील एका बाजाराचा इतिहास येथें पाहावयाचा आहे. १९६४ पासून सुमारें दहा वर्षें त्या देशांत ज्या अतिशय जोरकस मोटारी विक्रीस आल्या, त्यांना तिकडे ‘मसल कार’ असें नांव पडलें. मसल म्हणजे स्नायु. तेव्हां ‘पिळदार दंडाची गाडी’ असें म्हटल्यास मराठींत अर्थ बरोबर उतरतो. घडणीचें सूत्र साधें होतें. मध्यम आकाराच्या, घरगुती वापराच्या गाडीचा सांगाडा घ्यावयाचा आणि थोरल्या, अवजड गाडीसाठीं तयार केलेलें आठ सिलिंडरांचें इंजिन त्यांत बसवावयाचें. वजन बेताचें आणि जोर दांडगा, म्हणून गाडी बाणासारखी सुटे. किंमत मात्र नुकत्याच नोकरीस लागलेल्या तरुणास हप्त्यांनीं झेंपेल इतकीच ठेवावयाची. या गाड्यांचीं नांवें पाहा. मस्टँग म्हणजे अमेरिकेच्या माळरानावरचा रानघोडा. चार्जर म्हणजे रणांत झेंप घेणारा लढाऊ घोडा. कांहीं जाणकार मस्टँगला या वर्गांत न घालतां ‘पोनी’, म्हणजे तट्टू, असा तिचा निराळा वर्ग करतात. पण तट्टू झालें तरी तें घोड्याच्याच जातीचें! आपण काय विकतों आहों याची विकणारांना पुरती जाणीव होती.

अश्वशक्ति हें मापच मुळीं विक्रीच्या निमित्तानें जन्मास आलें आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जेम्स वॉट वाफेचीं यंत्रें विकीत असतां, हें यंत्र तुमच्या किती घोड्यांचें काम करील, हें गिऱ्हाइकास पटवून देणें त्याला भाग पडलें. ३३,००० पौंड वजन एका मिनिटांत एक फूट उचलण्याइतकें काम म्हणजे एक अश्वशक्ति, असें त्यानें ठरविलें. आपल्याकडील बैलजोडीची शक्ति ढोबळ मानानें एका अश्वशक्तीच्या आसपास, बहुधा थोडी कमीच, धरतात. वॉटचा घोडा हा अशा रीतीनें कामाचा घोडा होता. गिरणी आणि खाण यांच्या हिशेबांतला होता. पुढें मोटारीच्या बाजारांत तेंच माप कामापासून सुटलें आणि मानाकडे वळलें. हें कसें झालें हा अमेरिकेच्या इतिहासाचा एक भाग आहे. आणि तें आपल्याकडे त्याच रीतीनें कां झालें नाहीं, हा आपल्या इतिहासाचा भाग आहे.

आपल्याकडचा धागा यावलपासून धरूं. यावल हें सातपुड्याच्या पायथ्याजवळचें जुनें गांव. जाडाभरडा देशी कागद आणि नीळ यांसाठीं तें एके काळीं नांवाजलेलें होतें. १७८८ च्या सुमारास शिंद्यांनीं तें निंबाळकरांस दिलें; तेथील किल्ला त्या दिवसांची आठवण करून देत अजून उभा आहे. त्या काळीं सत्ता घोड्यांनीं मोजीत. सरदार किती घोड्यांचा, हा त्याच्या योग्यतेविषयीं पहिला प्रश्न. स्वारांतहि दोन प्रती असत. सरकारच्या किंवा सरदाराच्या पागेंतील घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा व स्वतःचें हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. शिलेदाराचा मान मोठा, पण त्याची जोखीमहि मोठी. घोडा पडला म्हणजे पुष्कळदां घरची चूलहि थंड पडे. असें असूनहि बारगिराच्या मनांत शिलेदार होण्याची हांव असे, कारण स्वतःच्या घोड्यावर बसलेला माणूस लोकांच्या नजरेंत निराळा दिसतो. ही हांव मराठ्यांपुरतीच होती असें नाहीं. ती माणसाचीच आहे, आणि पुढील सर्व हकीकतीची किल्ली तिच्यांत आहे.

१८१८ नंतर स्वारांचे ते दिवस मावळले. पुढें शंभराहून अधिक वर्षांनीं, डिसेंबर १९३६ मध्यें, यावल तालुक्यांतील फैजपूर येथें काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनीं त्यासाठीं अपार कष्ट घेतले. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनीं गांवांत मिळणाऱ्या साध्या जिनसांतून अधिवेशनाची नगरी सजविली. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांच्या मिरवणुकीसाठीं जो रथ सजला, त्यास सहा बैलजोड्या जुंपल्या होत्या. मघांच्या हिशेबानें अध्यक्षांच्या रथाची शक्ति फार तर सहा अश्वशक्ति भरेल. ज्या अधिवेशनानें शेतकऱ्यांच्या प्रश्नांचा कार्यक्रम देशापुढें मांडला, त्याला तो रथ शोभेसाच होता. रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या शेतकऱ्यास आपल्याच गोठ्यांतली शक्ति मानानें पुढें चाललेली दिसत होती. बैलाच्या वांट्यास मान येण्याचा तो एक दुर्मिळ प्रसंग होय.

त्याच काळांत, सातपुडा आणि नर्मदा ओलांडून पलीकडे, इंदूरच्या राजवाड्यासाठीं एक अगदीं निराळा रथ तयार झाला. इंदूरच्या होळकरांचा खानदेशाशीं संबंध जुना. थोरले मल्हारराव लहानपणीं तळोदें येथें मामाच्या घरीं वाढले. होळकरांचा खानदेशांतील मुलूख १८१८ च्या मंदसोरच्या तहानें इंग्रजांकडे गेला, आणि संस्थानाची फौज म्हणजे मुख्यतः शोभेची वस्तु होऊन बसली. या घराण्यांतील यशवंतराव होळकर १९२६ मध्यें गादीवर आले. नव्या धर्तीचें शिल्प आणि वेगवान मोटारी यांचा त्यांना मोठा शोक. अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग कंपनीची ‘एस्‌ जे’ जातीची गाडी त्यांनीं १९३५-३६ च्या सुमारास घेतली, आणि लंडनच्या गर्नी नटिंग या नामांकित कारखान्याकडून तिच्यावर दोघांपुरती, लांब नाकाची, नारिंगी व काळ्या रंगाची डौलदार काया चढवून घेतली. तिच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनास हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची जोड होती, आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणें त्याची शक्ति ३२० अश्वशक्ति होती. म्हणजे फैजपूरच्या रथासारखे पन्नासांहून अधिक रथ एका माणसाच्या पायाखालीं आले! १९२८ मध्यें या वंशाची पहिली गाडी निघाली तेव्हां नुसत्या सांगाड्याची आणि इंजिनाची किंमत साडेआठ हजार डॉलर होती. त्या दिवसांत फोर्डची साधी गाडी पांचशें डॉलरांच्या आसपास मिळे. तयार झालेल्या एकूण गाड्यांची संख्या पांचशेंहून कमीच राहिली. कंपनीचा कर्ता फ्रेड ड्यूसेनबर्ग हा १९३२ मध्यें याच जातीची गाडी चालवीत असतां अपघात होऊन थोड्याच दिवसांत मरण पावला, आणि १९३७ मध्यें कंपनीहि बंद पडली.

या दोन रथांकडे पाहून यशवंतरावांस नांवें ठेवणें सोपें आहे, पण त्यांत इतिहास फारसा कळत नाहीं. ज्या घराण्याची शक्ति एके काळीं घोड्यांनीं मोजली जात होती, त्याच्या हातून घोडे गेले आणि मापाची संवय तेवढी शिल्लक राहिली. शिवाय हेंहि लक्षांत ठेवावें कीं, ही गाडी अमेरिकेंतहि सामान्यांची नव्हती. तिकडेहि ती सिनेमांतले नट, पेढीवाले आणि कारखानदार यांच्याच दारीं उभी असे. १९३६ मध्यें तीनशें अश्वशक्ति ही जगांत कोठेंहि राजेलोकांचीच वस्तु होती. खरा प्रश्न पुढेंच आहे. यानंतर तीस वर्षांच्या आंत तेवढीच शक्ति अमेरिकेंतल्या एखाद्या कारखान्यांतील कामगाराच्या मुलाच्या हातांत कशी आली?

त्याचीं कारणें यंत्रविद्येंत थोडीं आणि समाजरचनेंत पुष्कळ आहेत. यंत्रविद्येचा पाया हेन्री फोर्डनें १९३२ मध्येंच घातला होता. आठ सिलिंडर इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणें दोन रांगांत मांडून, सारा सांचा एका ओतकामांत काढून, त्यानें तें इंजिन स्वस्त गाडींत बसविलें. तोंपर्यंत आठ सिलिंडर ही श्रीमंतीची खूण होती. दुसरें महायुद्ध संपल्यावर परत आलेल्या सैनिकांत यंत्रें खोलण्याजोडण्यांत तरबेज झालेले पुष्कळ तरुण होते. त्यांनीं मोडींत निघालेल्या जुन्या फोर्ड गाड्या विकत घेतल्या, त्यांचें अनावश्यक पत्र्याचें ओझें काढून टाकलें, इंजिनांचा जोर वाढविला आणि कॅलिफोर्नियांतील कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळांवर त्या पळविल्या. हे खरे पहिले शिलेदार; घोडा स्वतःच्या हातानें घडविणारे. १९५१ मध्यें त्यांच्या शर्यतींस नियमांत बसविणारी राष्ट्रीय संस्थाहि निघाली. उभ्या जागेवरून सुटून पाव मैलांत कोण पुढें जातो, ही त्यांची कसोटी होती.

या हौशीचा बाजार होण्यास तीन साधनें लागलीं. पहिलें रस्ते: १९५६ च्या कायद्यानें ४१,००० मैलांच्या राजमार्गांची योजना मंजूर झाली. दुसरें तरुणाच्या हातांतला पैसा: युद्धानंतर जन्मास आलेली मोठी पिढी १९६४ च्या सुमारास अठरा वर्षांची होऊं लागली, आणि तिच्या आईबापांस, कित्येकदां तिला स्वतःलाहि, चांगला पगार होता. पेट्रोलहि स्वस्त, गॅलनास तीस सेंटांच्या आसपास. तिसरें साधन कर्ज: जनरल मोटर्सनें गाड्या हप्त्यांनीं देण्यासाठीं स्वतःची पेढी १९१९ मध्येंच काढली होती, आणि चाळीस वर्षांत उधारीची लाज अमेरिकन मनांतून पार निघून गेली होती. रस्ता, पगार आणि उधारी हीं तिन्ही एकत्र आलीं, तेव्हां मान विकणारास गिऱ्हाइकांचा तोटा राहिला नाहीं.

अशा वेळीं जनरल मोटर्सच्या पाँटिअॅक शाखेनें जी युक्ति केली ती मोठी मासलेवाईक आहे. कंपनीनें १९६३ मध्यें आपल्या शाखांस शर्यतींत भाग घेण्याची मनाई केली होती. शिवाय मध्यम आकाराच्या गाडींत ३३० घनइंचांहून मोठें इंजिन घालूं नये, असाहि दंडक होता. जॉन डिलोरियन आणि त्याचे सहकारी यांनीं ३८९ घनइंचांचें, ३२५ अश्वशक्तीचें इंजिन १९६४ च्या मध्यम गाडींत बसविलें. आणि ही नवी गाडी नव्हे, जुन्या गाडीवर सुमारें तीनशें डॉलर जास्त देऊन घेण्याचा एक जोड-सरंजाम आहे, असें दाखवून दंडकांतून पळवाट काढली. तिला ‘जी टी ओ’ हें नांव त्यांनीं इटलींतील फेरारीच्या शर्यतीच्या गाडीवरून खुशाल उचललें. पांच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता. पहिल्याच वर्षीं बत्तीस हजारांवर खपल्या. त्याच वर्षीं १७ एप्रिल रोजीं फोर्डची मस्टँग बाजारांत आली. तिची मूळ किंमत २,३६८ डॉलर होती, आणि वर्षाच्या आंत चार लाखांवर गाड्या विकल्या गेल्या. क्रायस्लर कंपनीनें अर्धगोल माथ्याच्या सिलिंडरांचें आपलें ‘हेमी’ इंजिन रस्त्यावरच्या गाडींत दिलें, आणि १९७० मध्यें शेव्हर्लेनें ४५० अश्वशक्तीची गाडी विक्रीस काढली. यशवंतरावांच्या ड्यूसेनबर्गपेक्षां तिची सांगितलेली शक्ति कितीतरी अधिक होती, आणि ती कोणत्याहि शहरांतल्या दुकानांत हप्त्यांनीं मिळत होती.

या वेडास हंसण्यापूर्वीं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दिवसभर सांखळीपट्ट्यापुढें उभें राहून तोच एक खिळा ठोकणाऱ्या तरुणास संध्याकाळीं स्वतःच्या हातांखालीं तीनशें घोडे असल्याचा जो आनंद होत असेल, तो खोटा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या पागेंतले बारगीर असलेले लोक शिलेदार झाले होते. लोकशाही मतपेटींतून जशी येते तशी ती कधीं कधीं अशा वाकड्या वाटेनेंहि येते. राजांची वस्तु सामान्यांस मिळाली, एवढ्यापुरती ही गोष्ट इतिहासांत नोंदण्यासारखी आहे.

आतां मुंबईकडे वळूं. अमेरिकन मोटार आपल्याकडे आलीच नाहीं असें मुळींच नाहीं. जनरल मोटर्सनें १९२८ मध्यें मुंबईंत शिवडी येथें गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. हिंदुस्थानांतील तो पहिला. फोर्डचेंहि बस्तान याच काळांत बसलें. सोलापुरांत जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीं क्रायस्लर कंपनीशीं सूत जमविलें, सरकारच्या अनास्थेशीं झगडत १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, आणि १९४७ मध्यें कुर्ल्याच्या कारखान्यांतून डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या बाहेर पडूं लागल्या. ज्या कंपनीच्या चार्जरनें पुढें अमेरिकन तरुणांस वेड लावलें, तिचीच डॉज कुर्ल्यांत जोडली जात होती. मग तें वेड इकडे कां आलें नाहीं?

कारण वर सांगितलेल्या तिन्ही साधनांपैकीं एकहि येथें नव्हतें. रस्ते अरुंद, पगार अपुरे, आणि मोटारीसाठीं कर्ज काढणें हें शहाणपणाचें लक्षण समजलें जात नसे. त्यांत परदेशी चलन जपून वापरणें सरकारास भाग होतें. नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्या परदेशी कंपन्यांस पुढें वाव राहणार नाहीं, असें सरकारी धोरण १९५३ मध्यें ठरलें, आणि फोर्ड व जनरल मोटर्स दोघांनींहि लौकरच गाशा गुंडाळला. कुर्ल्याच्या कारखान्यानें इटलीच्या फियाटशीं संबंध जोडला. अमेरिकेंत जी टी ओ धांवत होती तेव्हां आपल्याकडे जी फियाट मिळे, तिचें इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरांचें. जी टी ओचें त्याच्या जवळजवळ सहापट. आणि तीहि मिळण्यासाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे.

पण अमेरिकन इंजिन खानदेशांत, कोंकणांत, देशावर आलें तें दुसऱ्याच वेषांत. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर सरकारी एस्‌ टीची पहिली गाडी सुटली. सुरुवातीच्या त्या ताफ्यांत शेव्हर्ले, फोर्ड, स्टुडबेकर हीं अमेरिकन नांवें बेडफर्ड, लेलँड, आल्बियन या विलायती नांवांबरोबर एका रांगेंत उभीं होतीं. जें घराणें तिकडे शर्यतीचे घोडे पैदा करीत होतें, त्याच घराण्याचे भाऊबंद इकडे बैल होऊन आले. त्यांनीं माणसें वाहिलीं, टपाल वाहिलें, बाळंतिणी दवाखान्यांत नेल्या, मुलें शाळेंत पोंचविलीं. त्यांच्या अश्वशक्तीचा आंकडा कोणास ठाऊक नव्हता आणि तो कोणी विचारीतहि नसे. गाडी घाट चढते कीं नाहीं आणि वेळेवर येते कीं नाहीं, हे दोनच प्रश्न होते. आणि ते बैलबाजारांतले प्रश्न आहेत.

तिकडे अमेरिकेंत घोड्यांच्या बाजाराचा हिशेब लौकरच चुकता होऊं लागला. १९६५ मध्यें राल्फ नेडर या तरुण वकिलानें मोटारींच्या धोकादायक घडणीवर पुस्तक लिहून खळबळ उडविली, आणि १९६६ मध्यें वाहनसुरक्षेचा कायदा झाला. १९७० च्या कायद्यानें धुरावर बंधन आलें. विमाकंपन्यांनीं जोरकस गाड्यांचे हप्ते इतके वाढविले कीं, तरुण शिलेदारास घोड्यापेक्षां त्याचा विमाच जड झाला. १९७२ सालीं त्या देशांत रस्त्यांवर ५४,००० हून अधिक माणसें मेलीं. ऑक्टोबर १९७३ मध्यें अरब राष्ट्रांनीं तेल अडविलें, थोड्याच महिन्यांत त्याची किंमत जवळजवळ चौपट झाली, आणि जानेवारी १९७४ मध्यें ताशीं ५५ मैल ही वेगमर्यादा साऱ्या देशांत लागू करण्याचा कायदा झाला. हा कायदा माणसांचे जीव वाचविण्यासाठीं नव्हता. तेल वाचविण्यासाठीं होता. परिणाम मात्र असा झाला कीं, त्या एका वर्षांत रस्त्यावरचे मृत्यु सुमारें ५४,००० वरून सुमारें ४५,००० वर आले. लोकांनीं प्रवासच कमी केला, हेंहि त्याचें एक कारण होय. पण वेग उतरला हें दुसरें. मानाची किंमत किती होती आणि ती कोण भरीत होतें, हें नऊ हजारांच्या त्या आंकड्यावरून कळतें. मेलेल्यांत सारेच कांहीं जोरकस गाडीचे मालक नव्हते.

या गाड्यांचें पुढें काय झालें, तेंहि पाहण्यासारखें आहे. १९७१ च्या प्लिमथच्या हेमी-कूडा जातीच्या उघड्या गाड्या अवघ्या अकराच तयार झाल्या, कारण तेव्हां गिऱ्हाईकच उरलें नव्हतें. त्यांतली एक २०१४ मध्यें सिअॅटल येथील लिलांवांत ३५ लाख डॉलरांस गेली. जी वस्तु एके काळीं कामगाराच्या मुलानें हप्त्यांनीं घ्यावी अशी होती, ती पुन्हां राजांच्या पागेंत जाऊन बांधली गेली. शिलेदारांचा काळ दहा वर्षांचाच ठरला. आपल्याकडे तर ती आली तीच राजांच्या दारानें: फोर्डनें २०१६ मध्यें मस्टँग हिंदुस्थानांत अधिकृतपणें विक्रीस आणली तेव्हां तिची किंमत ६५ लाख रुपये होती. अमेरिकेंत ती अजूनहि शिक्षकास किंवा सुतारास घेतां येण्यासारखी आहे. येथें ती नव्या यशवंतरावांसाठींच होती.

मग आपण या साऱ्या इतिहासाकडे दुरून पाहावें काय? माझ्या मतें तसें म्हणण्याचे दिवस संपले. जीं तीन साधनें १९६४ मध्यें अमेरिकेंत एकत्र आलीं, तीं आज महाराष्ट्रांत एकत्र येत आहेत. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग २०२५ मध्यें पूर्ण खुला झाला, आणि मोटारींस त्यावर ताशीं १२० किलोमीटर वेगाची परवानगी आहे. पुण्यामुंबईंत पंचविशींतल्या तरुणांस त्यांच्या आजोबांनीं जन्मभरांत पाहिला नसेल इतका पगार मिळतो. आणि हप्त्यांची लाज आपल्याहि मनांतून केव्हांच निघून गेली आहे. घोड्याचें नांव अमेरिकन असो, जर्मन असो कीं देशी असो. बाजार तोच आहे.

फरक आहे तो रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसांत. अमेरिकेंत मोटारीची धडक बहुधा मोटारीशीं होई. आपल्याकडे २०२२ सालीं रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांत जवळजवळ दोन तृतीयांश पायीं चालणारे आणि दुचाकीवर बसलेले होते. सरकारी नोंदींप्रमाणें दहांतले सातांहून अधिक मृत्यु अतिवेगाच्या सदरांत पडतात. १९ मे २०२४ रोजीं मध्यरात्रीनंतर पुण्यांत कल्याणीनगर येथें एका भरधांव जर्मन मोटारीनें दुचाकीस धडक दिली, आणि संगणकाच्या धंद्यांतील एक तरुण व एक तरुणी ठार झाली. मोटार एक अल्पवयीन मुलगा चालवीत होता असा पोलिसांचा आरोप आहे. न्यायालयाचें काम न्यायालयानें करावें. इतिहासाच्या अभ्यासकास त्यांत एवढेंच दिसतें कीं, मानाच्या बाजारांत जे कधीं उतरले नाहींत, तेच त्याची किंमत भरतात.

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता यावलवरून जातो. त्यावर केळीनें लादलेले ट्रक असतात, एस्‌ टी असते, तिघे तिघे बसलेल्या मोटारसायकली असतात, शाळेंतून घरीं निघालेल्या मुली असतात, आणि अजून एखादी बैलगाडीहि असते. सहा अश्वशक्तीचा रथ आणि तीनशें अश्वशक्तीचा रथ हे १९३६ मध्यें दोन निराळ्या मुलखांत, दोन निराळ्या रस्त्यांवर होते. आज ते एकाच रस्त्यावर आहेत, आणि त्यांच्यामध्यें एका हाताचेंहि अंतर नाहीं. हौस बंद करा असें सांगणारा उपदेशक कोणी ऐकत नाहीं, आणि ऐकूंहि नये. सारंगखेड्याचा घोडा ज्याला घ्यावयाचा त्यानें जरूर घ्यावा. पण भर यात्रेंतून तो चौखूर उधळण्याची मुभा तेथेंहि कोणास नसते. वेगाची मर्यादा, परवान्याचें वय, पायीं चालणारासाठीं राखलेली कडेची जागा, हे सारे त्या साध्या यात्रानियमाचेच अवतार आहेत. ते पाळले तर काय होतें, हें अमेरिकेनें १९७४ मध्यें, आणि तेंहि केवळ तेलाच्या भीतीनें, जगास दाखवून दिलें. वांचलेल्या त्या नऊ हजारांचा आंकडा मोटारीच्या कोणत्याहि जाहिरातींत छापला जात नाहीं. मुलास गाडी घेऊन देण्यापूर्वीं अश्वशक्तीच्या आंकड्याबरोबर तोहि घरांत एकदां वाचला जावा.